चकतीतला आवाज बाहेर कसा काढायचा

कीर्तन संपतं, बुवा आरतीकडे वळतात आणि आपण रेकॉर्डरचं 'स्टॉप' बटण दाबतो. कॅसेटच्या काळात काम इथे संपायचं. मिनीडिस्कवर ते आणखी काही सेकंद चालतं. इवल्याशा पडद्यावर 'टीओसी एडिट' ही अक्षरं लुकलुकू लागतात. आतली चकती फिरते, थांबते, पुन्हा फिरते. तेवढा वेळ यंत्राला धक्का लागू द्यायचा नाही आणि सेल तर मुळीच काढायचा नाही. दोन तासांचा आवाज चकतीवर उमटलेला असतो, पण तो कुठे सुरू होतो, कुठे तुटतो आणि कुठे संपतो याची अनुक्रमणिका लिहायची राहिलेली असते. ती लिहून झाली नाही, तर पुढच्या वेळी तीच चकती घातल्यावर यंत्र सांगतं की ही कोरी आहे. आवाज आतच असतो, पण त्याच्यापर्यंत जायची वाट उरत नाही.

सोनीने २०२५च्या फेब्रुवारीत कोऱ्या मिनीडिस्क बनवणं थांबवलं. हे माध्यम १९९२च्या नोव्हेंबरात जपानच्या दुकानांत आलं होतं. यंत्रं त्याआधीच गेली होती: सोनीचे मिनीडिस्क वॉकमन २०११मध्ये बंद झाले, मिनीडिस्क वाजवणारे घरगुती संच २०१३मध्ये. आपल्याकडे या बातमीकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. मला मात्र ती चटका लावून गेली. माझ्या कपाटात या चकत्यांची एक पेटी आहे आणि तिच्यातली कितीतरी माणसं आता दुसरीकडे कुठेच बोलत नाहीत. अशा पेट्या पुण्यात, पणजीत, आखातातून परतलेल्यांच्या आणि न्यू जर्सीत स्थिरावलेल्यांच्या घरीही असणार. त्यांतला आवाज बाहेर काढायची साधनं दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून हा लेख आत्ता.

माझ्याकडे आहे ते सोनीचं एमझेड-आर७००, २००१ सालच्या पिढीतलं. अमेरिकेहून सुट्टीवर येणाऱ्या मामेभावाकडून मागवून घेतलं होतं. आपल्या बाजारात मिनीडिस्क कधी रुळली नाही. ती यायची ती अशीच, कुणाच्या तरी बॅगेतून, कपड्यांच्या घडीत गुंडाळून. यंत्र तळहातात मावतं, एका पेन्सिल सेलवर चालतं. चकतीचा व्यास ६४ मिलिमीटर, आणि ती ७२ बाय ६८ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या पातळ डबीत कायमची बंद. डबीला सरकतं धातूचं झाकण. यंत्रात गेल्यावरच ते उघडतं, त्यामुळे चकतीला बोट लागायचा प्रश्नच येत नाही. ज्यांनी कॅसेटची निघालेली फीत पेन्सिल घालून गुंडाळली आहे आणि सीडीवरचे ओरखडे सदऱ्याच्या टोकाने पुसले आहेत, त्यांना या डबीचं मोल वेगळं सांगायला नको.

हे यंत्र मी घेतलं ते मुख्यतः कीर्तनासाठी. नारदीय कीर्तन दोन-अडीच तास चालतं. साठ मिनिटांची कॅसेट दर अर्ध्या तासाने उलटायची, नव्वदची पाऊण तासाने, आणि नेमकी आख्यान रंगात आलं की फीत संपायची. मिनीडिस्कवर आवाज मोनोत घेतला की चकतीची वेळ दुप्पट होते: ७४ मिनिटांच्या चकतीवर १४८, ८०च्या चकतीवर १६०. एका माणसाचा आवाज, मागे पेटी आणि तबला, यासाठी मोनो पुरतो, शोभतोही. अख्खं कीर्तन एका चकतीवर, कुठेही न तुटता. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, बुक्का लावला, मंडळी नामगजर करू लागली, की तेवढ्यात बोटाने एक बटण दाबायचं. तिथे खूण पडते. उत्तररंग दुसरा ट्रॅक म्हणून आपोआप वेगळा होतो. ध्वनिमुद्रण मात्र क्षणभरही थांबत नाही.

घरी आल्यावर खरी गंमत. मांडवातला लाउडस्पीकरवाला सुरुवातीला 'हॅलो, हॅलो' करत असतो, तो भाग तोडून पुसून टाकायचा. मध्ये कुणीतरी येऊन हरवलेल्या चपलांची घोषणा करतं, तीही काढायची. दोन तुकडे जोडायचे, मागचा पुढे आणायचा, प्रत्येकाला नाव द्यायचं. नावं रोमन लिपीत, चाक फिरवून एकेक अक्षर निवडत. वेळ लागतो, पण ती नावं चकतीबरोबर कायमची राहतात. यात मूळ आवाजाला यंत्र हातही लावत नाही. ते फक्त अनुक्रमणिका बदलतं: अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत वाजव, मग उडी मारून तिकडे जा. उडी मारताना आवाज तुटत नाही, कारण यंत्र नेहमी काही सेकंद पुढचं वाचून स्मृतीत साठवून ठेवतं. सुरुवातीच्या यंत्रांत हा साठा दहा सेकंदांचा होता, पुढे चाळीसपर्यंत गेला. मुळात तो बसवला होता चालताना लागणाऱ्या धक्क्यांवरचा उपाय म्हणून. त्याने संपादनाचं दालन उघडलं. फीत ब्लेडने कापून चिकटवण्याचं जे काम एकेकाळी आकाशवाणीच्या स्टुडिओत बसून होई, ते आता कुणालाही देवळाच्या ओट्यावर, काहीही न कापता करता येऊ लागलं.

चकतीवर आवाज उमटतो कसा, हे समजल्यावर या यंत्राबद्दलचा माझा आदर आणखी वाढला. चकतीत टर्बियम, लोह आणि कोबाल्ट यांचा अत्यंत पातळ थर असतो. खालून लेझर त्याच्या सूक्ष्म ठिपक्याला १८० अंश सेल्सियसच्या आसपास तापवतो. त्या तापमानाला थराचं चुंबकत्व सैल होतं. त्याच क्षणी वरच्या बाजूने एक छोटं चुंबकीय हेड चकतीवर टेकलेलं असतं. ते ठिपक्याला उत्तर किंवा दक्षिण दिशा देतं, चकती पुढे सरकते, ठिपका थंड होतो आणि दिशा पक्की होते. वाचताना लेझर मंद असतो. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा थराच्या चुंबकत्वानुसार किंचित वळते, तेवढं वळण यंत्र ओळखतं. बदल घडायला उष्णता आणि चुंबक दोन्ही एकाच वेळी लागतात. त्यामुळे नुसत्या लाउडस्पीकरच्या चुंबकाशेजारी ठेवून ही चकती पुसली जात नाही. कॅसेटच्या फितीवर पावसाळ्यात बुरशी चढते, चुंबकीय थर सुटू लागतो. इथे थर प्लास्टिकच्या आवरणाखाली असतो. एका चकतीवर दहा लाख वेळा लिहिता येतं, असा सोनीचा दावा होता. तो तपासायला कुणाचं आयुष्य पुरणार नाही, पण विसेक वर्षांच्या चकत्या मी आजही वाजवतो.

एवढ्याशा चकतीवर ७४ मिनिटं मावली ती आवाज आवळल्यामुळे. सीडीवर दर सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट माहिती असते, मिनीडिस्कवर २९२, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. सोनीच्या या पद्धतीचं नाव एट्रॅक. माणसाच्या कानाला मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो जपून ठेवण्यात जागा घालवायची नाही, हे तिचं तत्त्व. ती आवाजाचे ११.६ मिलिसेकंदांचे तुकडे करून तपासते आणि अचानक मोठा आघात आला तर उंच पट्टीत १.४५ मिलिसेकंदांपर्यंत बारीक तुकडे करते. हा तपशील कोरडा वाटेल, पण काकडआरतीत टाळ वाजतात तेव्हा कस लागतो तो इथेच. टाळाचा आघात तीक्ष्ण असतो आणि त्याची लांबणारी आस उंच पट्टीत असते. तुकडा मोठा पडला तर आघाताच्या आधीच त्याची धूसर सावली ऐकू येते. पूर्ण दर्जाच्या मुद्रणात माझे टाळ स्वच्छ आहेत. २०००मध्ये आलेल्या एलपी४ या पद्धतीत ८० मिनिटांच्या चकतीवर ३२० मिनिटं मावतात, पण तिथे दर ६६ किलोबिटचा. त्यात टाळ पाण्याखालून वाजल्यासारखे येतात आणि पखवाजाचा घुमारा डावी-उजवीकडे हेलकावतो. बोलणं कामचलाऊ येतं. संगीतासाठी एलपी४ वापरू नये, हे माझं ठाम मत आहे.

काकडआरतीनेच मला माइक कसा लावायचा ते शिकवलं. आश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकापर्यंत पहाटे देवळात चिटपाखरू नसतं, गाभाऱ्याच्या दगडी भिंती बारीकशी कुजबुजही उचलून धरतात. आणि मिनीडिस्कची चकती सतत फिरत नाही. स्मृतीतला साठा भरला की मोटर जागी होते, भराभरा लिहून घेते आणि थांबते. माइक यंत्राजवळ असेल तर दर थोड्या वेळाने एक बारीक घरघर मुद्रणात येते. उपाय साधा: लांब वायरीचा माइक, तो गाणाऱ्यांपाशी, आणि यंत्र दूर, घडी घातलेल्या उपरण्यावर. दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. यंत्र आपणहून पातळी सांभाळतं, पण त्यात भजनाचा जीव जातो. अभंग विलंबित सुरू होतो आणि शेवटी टाळ-पखवाजाच्या गजरात वर चढतो. हा चढ म्हणजेच तर भजन. यंत्र तो चढ दाबून सपाट करतं आणि मधल्या शांततेत कबुतरांची फडफड मोठी करून ठेवतं. म्हणून पातळी हाताने लावायची, मुद्रण सुरू करण्याआधी 'पॉज'वर असताना, आणि शेवटच्या गजरासाठी पुरेशी जागा सोडून.

जपानमध्ये या यंत्राचं आयुष्य वेगळ्या रस्त्याने गेलं. तिथे १९८०च्या दशकापासून गाण्यांच्या तबकड्या भाड्याने देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. त्सुताया ही पुढे सर्वांत प्रसिद्ध झालेली साखळी १९८३मध्ये ओसाकाजवळच्या हिराकाता शहरात सुरू झाली. नवी सीडी महाग, भाडं अगदी थोडं. मुलं संध्याकाळी सीडी आणायची, रात्री तिची मिनीडिस्क करायची आणि सकाळी सीडी परत. रेडिओवरचे कार्यक्रमही असेच उतरवले जात. एका पिढीची शाळा-कॉलेजातली वर्षं या रंगीत पारदर्शक डब्यांच्या देवघेवीत गेली. २०११च्या मार्चपर्यंत सोनीने जगभरात सुमारे २ कोटी २० लाख मिनीडिस्क वॉकमन विकले. युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, हे यंत्र रेडिओच्या बातमीदारांनी उचललं. मुलाखत घ्यायची, गाडीत बसूनच कापाकाप करायची आणि स्टेशनात पोचताच थेट प्रक्षेपित करायची. कलावंतांनीही ते जवळ केलं. रेडिओहेड या इंग्लिश बँडच्या टॉम यॉर्कने १९९०च्या दशकात 'ओके कॉम्प्युटर'च्या वेळचे आपले कच्चे विचार मिनीडिस्कवर टेप केले होते. २०१९मध्ये त्या संग्रहाची चोरी झाली, तेव्हा बँडने ते अठराएक तासांचं मुद्रण स्वतःच प्रसिद्ध केलं आणि त्याचे पैसे पर्यावरण चळवळीला दिले.

आता या कथेच्या दुखऱ्या भागाकडे येतो. मिनीडिस्क जन्मली ती संशयाच्या छायेत. १९८७मध्ये डॅट ही डिजिटल फीत आली. तिच्यावर सीडीची हुबेहूब नक्कल होऊ शकते या धास्तीने रेकॉर्ड कंपन्या हादरल्या. पुढच्याच वर्षी, १९८८मध्ये, सोनीने अमेरिकेतली सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली. म्हणजे टेप करायचं यंत्र विकणारा आणि टेप होऊ नये असं वाटणारा, दोघेही एकाच छताखाली आले. सोनीचे तेव्हाचे अध्यक्ष नोरिओ ओहगा स्वतः संगीत शिकलेले बॅरिटोन गायक होते. यंत्र आणि गाणं एकत्र नांदावं, ही त्यांची दृष्टी होती. प्रत्यक्षात त्यातून कुलूप जन्माला आलं. १९९२मध्ये अमेरिकेने घरगुती डिजिटल मुद्रणाचा कायदा केला: यंत्रावर दोन टक्के आणि कोऱ्या माध्यमावर तीन टक्के रक्कम संगीत उद्योगासाठी, शिवाय प्रत्येक यंत्रात नकलांवर पहारा ठेवणारी व्यवस्था सक्तीची. जपाननेही त्याच काळात कोऱ्या डिजिटल माध्यमांवर आकार बसवला. त्या पहाऱ्याचा नियम असा की मूळ सीडीची डिजिटल प्रत घेता येईल, त्या प्रतीची प्रत नाही. माइकमधून टेप केलेला आवाज स्वतःचा असला तरी त्याच नियमात सापडायचा.

२००१मध्ये नेटएमडी आलं. यंत्राला यूएसबी वायर जोडून संगणकातली गाणी चकतीवर झपाट्याने पाठवता येऊ लागली. पण रस्ता एकेरी ठेवला. संगणकातून चकतीकडे जाता येतं, चकतीतून संगणकाकडे येता येत नाही. आजोबांनी माइकसमोर सांगितलेली गोष्ट आणि सीडीवरून उतरवलेलं गाणं यांत यंत्राने फरकच केला नाही, दोन्हींना सारखंच कोंडून ठेवलं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आयपॉड जाहीर झाला, आणि पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी यांनी २००५च्या जानेवारीत तोक्योत पत्रकारांसमोर उघड कबूल केलं की संगीत आणि चित्रपटांच्या मालकीची अती काळजी केल्यामुळे सोनीने गाणी वाजवणाऱ्या नव्या यंत्रांच्या बाजारात संधी गमावली. त्याआधी, २००४मध्ये, हाय-एमडी आलं होतं: एका चकतीवर एक गिगाबाइट, न आवळलेला पूर्ण आवाज दीड तास, आणि माइकवरचं मुद्रण संगणकात घ्यायची मुभा. २००६च्या एमझेड-आरएच१ने अखेर जुन्या चकत्यांवरचा आवाजही यूएसबीतून बाहेर काढू दिला. चौदा वर्षांनी दार उघडलं, तोवर बहुतेक मंडळी निघून गेली होती.

सामान्य माणसाच्या हातात आलेलं इतकं चांगलं ध्वनिमुद्रण यंत्र त्याआधी नव्हतं, असं मी मानतो. हे दार १९९२मध्येच उघडं असतं, तर वाड्यावस्त्यांवर फिरून ओव्या, लळितं, दशावतारातली पदं गोळा करणाऱ्यांच्या हाती एक अजोड साधन आलं असतं. कुणाचंही गाणं चोरायचं नव्हतं त्यांना. ज्याने गायलं त्याने हसत गायलं होतं, ज्याने टेप केलं त्याने समोर मांडी घालून ऐकलं होतं. त्या दोघांच्यामध्ये तिसऱ्या कुणाचा अधिकार कसा येतो, हा प्रश्न मला आजही छळतो. आणि तो मिनीडिस्कपुरता राहिलेला नाही. फोनवरची कितीतरी ॲप्स आपणच बोललेलं आपल्याला सहज परत देत नाहीत.

तेव्हा घरात चकत्या असतील तर काय करायचं, ते सांगतो. सर्वात आधी प्रत्येक डबीच्या कडेची छोटी खूण सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून त्यावर काही लिहिलं जाणार नाही. यंत्र चकतीला कोरी म्हणालं तरी फेकू नका. अनुक्रमणिका लिहायची राहिलेली असू शकते, आणि चलाखीने नवी अनुक्रमणिका चढवून खालचा आवाज वर आणणारे जाणकार आहेत. चकती फिरते, वेळ पुढे सरकते, पण आवाज येत नाही, असं झालं तर ट्रॅकच्या नावाआधी 'एलपी' ही अक्षरं दिसतात का बघा. एलपी४ किंवा तिच्याच जोडीच्या एलपी२ या पद्धतीत टेप केलेली चकती २०००च्या आधीच्या यंत्रात घातली की ते ती निमूटपणे मुकी वाजवतं. तिला नवं यंत्र मिळवून द्या.

आरएच१ हाती लागलं तर उत्तम, पण त्याच्या किमती आता चढ्या आहेत. हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी नेटएमडीची भाषा स्वतः उलगडली आहे आणि काही जुन्या यंत्रांतून आवाज परत काढायचे मार्गही शोधले आहेत. ज्यांच्याकडे यातलं काही नाही, त्यांनी माझ्यासारखं करावं: हेडफोनच्या भोकातून संगणकाला साधी वायर, यंत्रातला बास वाढवायचा पर्याय बंद, आवाज पूर्ण न वाढवता, आणि न आवळलेल्या वेव्ह फाइलमध्ये मुद्रण. एका तासाच्या चकतीला एक तास लागतो. ही पद्धत संथ आहे खरी, पण त्या निमित्ताने सगळं ऐकून होतं. चकतीवर लिहिलेली नावं फाइलच्या नावात उतरवून घ्या, ती आपोआप येत नाहीत.

क्रम लावताना सीडीवरून उतरवलेली गाणी शेवटी ठेवा, ती जगात इतरत्र आहेत. आधी माइकवरचं, आणि त्यातही जिथे अनेक माणसं आहेत ते पहिलं, कारण आवाज ओळखणारी माणसं चकत्यांपेक्षा लवकर जातात. आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांची चकती मी या उन्हाळ्यात उतरवली. आत्या ओवी म्हणते आणि मागून तिघी ती उचलून धरतात. चुलतबहिणीने त्यांतल्या दोघींना लगेच ओळखलं. तिसरी वरच्या आळीतली असावी, असा तिचा अंदाज आहे, आणि ते नक्की सांगू शकतील त्या थोरल्या काकू. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठे हेडफोन घेऊन दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं आहे.